दोन फळ्यांची कैफियत

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस हे भंगारवाल्याचे खरे सणाचे दिवस. घरोघरी माळे रिकामे होतात, बायका पदर खोचून जळमटे काढतात, पुरुष खुर्चीवर बसून सूचना करतात, आणि हातगाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. आमच्या पाथरीत मी गेली काही वर्षे या गाड्यांवर लक्ष ठेवून आहे. (कादंबरीकाराला दुसऱ्याच्या अडगळीत डोकावण्याचा परवाना असतो, असे मी मानतो.) पूर्वी या गाडीवर तांब्याचा बंब जाई, पितळेची समई जाई. आता त्या वस्तूंना शहरात भाव आल्याचे सर्वांना कळले आहे, म्हणून त्या घासूनपुसून दिवाणखान्यात बसल्या आहेत. हल्ली गाडीवर दिसतो तो टेपरेकॉर्डर. कधी कॅसेटचा, कधी दोन चाकांचा जुना भारदस्त.

त्याला विजेला लावून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. त्याची परीक्षा नुसत्या डोळ्यांनी होते. बाजूच्या फळ्या फुगलेल्या, कडांचे पापुद्रे सुटलेले, एका कोपऱ्याला वाळवीची माती. की झाला निकाल. "कुजलाय, द्या टाकून." काटा लागतो, आणि साऱ्या घरादाराचे आवाज ज्याने ऐकले ते यंत्र दहाबारा किलो लोखंडाच्या भावाने निघून जाते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला भांडायचे असेल त्याला सोयीचे होईल. जुना टेपरेकॉर्डर बहुधा आतून मरण्याआधी बाहेरून मारला जातो. त्याच्या दोन बाजूंच्या फळ्या गावच्या सुताराकडून, गावच्या लाकडात, नव्याने करून घ्याव्यात. त्याला वाचवण्याचा याहून स्वस्त आणि याहून सरळ उपाय मला ठाऊक नाही. या कामाला जे 'हौस' म्हणून हसतात, जे त्यात 'अस्सलपणा'चा बाऊ करतात, आणि जे यंत्राची आतडी काढून डबा तेवढा दिवाणखान्यात मांडतात, त्या तिघांशी माझे भांडण आहे. तिसऱ्याशी सर्वांत जास्त.

मी विजेच्या शास्त्राचा पंडित नाही. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, शाळेत मराठी आणि कार्यानुभव शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. पण टेपरेकॉर्डरचे मूळ तत्त्व समजायला मॅट्रिक पुरते. प्लास्टिकच्या पातळ फितीवर लोहाच्या भस्माचा थर असतो. भस्म म्हणजे काय, तर एका जातीचा गंजच. आवाजाची वीज होते, विजेचे चुंबकत्व होते, आणि त्या चुंबकत्वाने गंजाचे कण ओळीने उभे राहतात. डेन्मार्कच्या पाउलसेनने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज धरून दाखवला. जर्मनीत फ्लॉइमरने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहाची पूड चिकटवली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात फितीवर चालणारे पहिले मोठे यंत्र लोकांनी पाहिले, आणि १९६३ साली फिलिप्सने त्याच बर्लिनमध्ये कॅसेट आणली. लोखंडाला गंज चढला की आपण ते फेकून देतो; इथे शतकभर माणसांनी आपले आवाज त्या गंजाच्याच स्वाधीन केले होते.

आता आमच्या गल्लीतले प्रकरण सांगतो, कारण हा वाद मी हवेत घालत नाही.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. १९७८ साली ते मजुरीसाठी कुवेतला गेले आणि तीन वर्षांनी परतले ते एक घड्याळ, दोन ब्लँकेटे आणि एक जपानी टेपरेकॉर्डर घेऊन. त्या काळात आखातातून येणाऱ्या माणसाबरोबर काहीतरी वाजणारे असलेच पाहिजे, असा जणू रिवाज होता. बहुतेकांनी कॅसेटवाले आणले. चाचांनी दोन चाकांचा आणला, कारण तिथल्या दुकानदाराने त्यांना सांगितले की मोठ्या चाकावर जास्त गाणे मावते. दुकानदार खोटे बोलला नव्हता. सात इंची चाकावर बाराशे फूट फीत बसते, आणि सेकंदाला पावणेचार इंच या चालीने ती एका बाजूने चौसष्ट मिनिटे चालते. चौसष्ट मिनिटांत कव्वाल नुसता रंगात येतो असे चाचांचे मत, म्हणून ते फीत उलटी लावून दुसरी बाजूही भरत.

त्या फितींवर काय नाही? परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातल्या कव्वाल्या आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनातले नाटक आहे, त्यात राजाची भूमिका करणारा मुलगा संवाद विसरतो आणि पडद्याआडून कोणीतरी त्याला शिवी हासडते, तीही आहे. आणि एका चाकावर माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. गावात गिरणी कधीच आली होती, पण आजीने जाते सोडले नव्हते. चाचांनी एका पहाटे आपल्या घरातून आमच्या खिडकीत मायक्रोफोनची वायर सोडली. जात्याची घरघर आधी ऐकू येते, मग आजीचा आवाज, आणि मधेच एक मूल रडू लागते. ते मूल मी, असे घरात सांगतात. आजी रडण्याकडे लक्ष न देता ओवी पुरी करते.

हेमा राइरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रभर खेडोपाडी काम उभे करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे अनेकांना ठाऊक असेल. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी कित्येक गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. आमच्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली असा टिपला गेला, आणि 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात तो कोणालाही ऐकता येतो. केवढे मोठे काम! पण ही मंडळी आमच्या गल्लीत आली नाहीत. येणार तरी कशी? महाराष्ट्रात गल्ल्या किती, पहाटे किती, जाती किती! ज्या घरांपर्यंत कोणी पोहोचले नाही त्यांचा संग्रह चाचांसारख्यांच्या अडगळीत पडून आहे, आणि दर दिवाळीला तो गाडीवर चढतो आहे.

चाचांच्या यंत्राचे झाले ते असे. एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि फळीवर ठेवलेल्या यंत्राच्या दोन्ही बाजू पुरीसारख्या टम्म फुगल्या. उन्हाळ्यात त्या वाळल्या त्या पिठासारख्या होऊन. स्क्रू धरायला काही उरले नाही. बाजू सुटल्या म्हणून आत धूळ गेली, उंदराने एक वायर चाखली. चाचांचे नातू म्हणाले, "आजोबा, हे आता ठेवून काय करायचे?" तेवढ्यात शहरातला एक व्यापारी जुन्या वस्तू हुडकत आला आणि साडेतीन हजार रुपये बोलला. त्याची एकच अट होती: आतले सामान त्याला नको, वजन वाढते, ते इथेच काढून घ्या. चाचांनी विचारले, "मग तुम्ही घेता तरी काय?" तो म्हणाला, "लूक."

हा 'लूक' नावाचा नवा रोग काय आहे तो एकदा तरी पाहून या. शहरातल्या एका सजावटीच्या दुकानात मी तो पाहिला. दोन चाकांचा टेपरेकॉर्डर, आत दिवा, चाकांवरची फीत ओढून काढलेली आणि तिच्याच झिरमिळ्या करून कडेला सोडलेल्या. त्या फितीवर काय होते, हे मी विचारले. दुकानातल्या तरुणाने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी लोणच्याच्या बरणीला तिचे गोत्र विचारले. कोणाचे लग्न, कोणाचे कीर्तन, कोणाच्या बापाचे शेवटचे बोलणे त्या झिरमिळ्यांवर लटकत होते, देव जाणे. मेलेल्या जनावराच्या कातड्यात पेंढा भरून त्याला दिवाणखान्यात उभे करण्याची संस्थानिकांची हौस आपण नावे ठेवून सोडली. इथे तर जिवंत जनावराच्या पोटात पेंढा भरणे चालले आहे, आणि त्याला 'जुन्याची आवड' म्हणतात!

यावर कोणी म्हणेल, मास्तर, भावनेच्या भरात बोलता. एवढीतेवढी यंत्रे गेली तर बिघडले काय? आज सगळे मोबाइलमध्ये मिळते. मिळते ना! जे कोणी आधी उतरवून ठेवले ते मिळते. फितीवरचा आवाज मोबाइलमध्ये घालायचा तर आधी ती फीत कशावर तरी चालली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली इशारा दिला, की चुंबकीय फितीवरचे जे २०२५ पर्यंत उतरवले जाणार नाही ते बहुतेक कायमचे हरवेल. २०१९ साली युनेस्को आणि ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच धोक्याची घंटा पुन्हा वाजवली. यांतली मेख लक्षात घ्या. फिती कुजतात हे अर्धेच कारण. दुसरे अर्धे असे, की फिती वाजवणारी चालू यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत. आता ते सालही आले. म्हणून आतडी काढलेला प्रत्येक डबा म्हणजे एक वाजणारे यंत्र कमी, एवढा सरळ हिशेब आहे.

तर चाचांचे यंत्र मी सुताराकडे नेले.

आमच्या सुतारदादांनी फुगलेल्या फळीचा एक तुकडा बोटांनी चुरगाळला आणि मोठ्याने हसले. "गुरुजी, हे लाकूड न्हाई. भुसा हाय भुसा! डिंकात कालवून थापलाय, अन् वर लाकडाचा कागद चिटकवलाय. ह्याला रंधा लावायचा म्हंजी भाकरीच्या पिठाला रंधा लावल्यावानी." म्हणाले ते खरेच होते. त्या काळातल्या कितीतरी नामांकित जपानी यंत्रांच्या बाजू अशाच असत: आत भुशाचा दाबलेला पुठ्ठा, वर अक्रोडाचा पातळ पापुद्रा, नाहीतर अक्रोडाचे चित्र छापलेले प्लास्टिक. दुरून अक्रोड, जवळून अक्रोड, ओल लागली की भुसा.

आता 'अस्सल'वाल्यांकडे वळतो. यांचा आग्रह असा की जुन्या यंत्राला हात लावायचा तर हुबेहूब मूळचाच माल लावा. अक्रोड म्हणजे अक्रोड, ते काश्मिरातून मागवा, नाहीतर यंत्र आहे तसे काचेत ठेवा. यांना मी नम्रपणे विचारतो: मुळात जो भुसा होता, तो अस्सल म्हणून पुन्हा भुसाच लावू का? कारखान्याने पैसे वाचवायला जी तडजोड केली तिची पूजा का करायची? जुन्या वास्तूत दगड निखळला तर शहाणा पाथरवट नवा दगड घडवून बसवतो आणि तो नवा आहे हे लपवत नाही. लपवतो तो ठग. या बाजारात ठगही पुष्कळ आहेत. कोऱ्या लाकडाला चहाचे पाणी पाजून त्याला म्हातारा करायचे, वर अणकुचीदार खिळ्याने भोके पाडून किडीचा भास आणायचा, आणि 'शंभर वर्षांचे' म्हणून विकायचे. अशा लाकडापेक्षा मला उघडा सनमायका परवडला. निदान तो खोटे वय सांगत नाही.

तरी सनमायका मी लावू दिला नाही. फर्निचरच्या दुकानातला माणूस म्हणत होता, एका तासात करून देतो, तयार पुठ्ठ्याची फळी, वर हवे ते डिझाइन. म्हणजे पुन्हा भुसा, पुन्हा कागद, पुन्हा पावसाळा.

लाकूड आमच्या गावातच होते. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची: जाड भिंती, सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलच्या आणि वर मातीचा थर. ही घरे आता भराभर उतरत आहेत, त्यांच्या जागी स्लॅब पडतात. कोरीव खांब आणि चौकटी व्यापारी उचलतात. साधा तुटका तुकडा मात्र अंघोळीच्या पाण्याखाली जळतो. दोनतीन पिढ्यांच्या डोक्यावर वाळलेले, सारा ताण जिरून गेलेले सागवान चुलीत! असल्या एका तुळईचा हातभर तुकडा मला फुकट मिळाला. देणाऱ्याने वर विचारले, "एवढंच पुरंल का? अजून न्या, सरपणच हाय." सुतारदादांनी आधी त्यावर बोट फिरवून, मग पटाशीने टोकरून आत मोडलेला खिळा शोधून काढला, तो तसाच राहता तर रंध्याचे पाते गेले असते. मग सॉ-मिलवर त्या एकाच तुकड्याच्या दोन फाका केल्या. उघडल्या तेव्हा दोन्हींवरच्या रेषा एकमेकींच्या आरशातल्यासारख्या. आत रंग मधासारखा, आणि शंभरीच्या घरातल्या लाकडाला वास अजून ताज्या सागाचा.

इथे सुताराच्या कामातली थोडी बारकाई सांगतो, कारण 'दोन फळ्या तर ठोकायच्या' असे म्हणणाऱ्यांना तिची कल्पना नसते. माप जुन्या फळीवरून घ्यायचे नाही. ती फुगलेली, तिची भोके सरकलेली. माप यंत्राच्या लोखंडी सांगाड्यावरून घ्यायचे. आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा साचा केला, सांगाड्यावर धरून भोकांच्या खुणा पेन्सिलीने आतून उठवल्या. लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीने घ्यायच्या, कारण लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलते. आमच्या मराठवाड्यात वैशाखात हवा तव्यासारखी कोरडी, श्रावणात ओली. फळी वर्षभर श्वास घेते. म्हणून खालची भोके नेमकी आणि वरची रुंदीच्या दिशेने किंचित लांबट ठेवली, की फळीला हलायला जागा राहते आणि ती तडकत नाही. हे दादांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते. दरवाजाच्या दिलह्याला ते चौकटीत सैलच बसवतात, तेच इथे केले.

स्क्रूची गोष्ट त्याहून नाजूक. नवी फळी जुनीपेक्षा थोडी जाड होती. स्क्रू लांब घ्यावा तर तो कुठवर जाईल याचा नेम नाही. दोन सूत जास्त आत शिरला तर आतल्या तारांना भिडतो. म्हणून फळीतच डोक्यापुरती खोल वाटी कोरून मूळ स्क्रू मूळ खोलीलाच बसवले. जे हरवले होते ते चार मिलिमीटरचे, त्याच आट्यांचे शोधून आणले. सायकलच्या दुकानातला 'बसतो हो, थोडा जोर द्या' म्हणणारा स्क्रू सांगाड्याचे आटे कायमचे खातो. बाजूला वारा जायच्या खाचा असतील तर त्या झाकायच्या नाहीत. आणि भोके पाडणे, घासणे, सारे यंत्रापासून दूर, जमल्यास दुसऱ्या घरात. लाकडाचा भुगा आवाज टिपणाऱ्या डोक्यावर बसला तर आवाज घोगरा होतो, फीतही ओरखडते. विजेच्या ड्रिलची मोटर तर फितींच्या जवळपासही नको; तिच्यात चुंबक असतो, आणि फितीवरचा आवाजही चुंबकाचाच.

पॉलिश चपड्या लाखेचे, स्पिरिटमध्ये विरघळवलेले, फडक्याच्या बोळ्याने सात-आठ हात. त्याआधी जवसाच्या तेलाचा एक हात. जवसाचे तेल हवेने सुकून कातडे धरते, म्हणून ते चालते. शेंगदाण्याचे कधीच सुकत नाही, त्यावर धूळ तेवढी बसते. (गृहिणींसाठी एक सूचना: जवसाच्या तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकते. उघडे पसरून वाळवा.) फळीच्या आतल्या अंगाला दादांनी पेन्सिलीने साल लिहिले, आपले नाव लिहिले, आणि कोणाच्या माळवदाचे लाकूड तेही लिहिले. हे लिहिणे मला सर्वांत आवडले. पुढे कोणी उघडले तर त्याला कळेल की हे जपानचे नाही, पाथरीचे आहे.

मजुरी झाली नऊशे रुपये.

ज्यांना गोड थापा आवडतात ते आता विचारतील, सागवानाने आवाज सुधारला असेल नाही? अजिबात नाही. बाजूच्या फळीने टेपरेकॉर्डरचा आवाज 'ऊबदार' होतो असे सांगून चढ्या भावाने लाकूड विकणारे आहेत. ती शुद्ध लबाडी आहे. स्पीकरच्या पेटीचे लाकूड आवाजात भाग घेते, सतारीच्या तबलीचे घेते. बाजूची फळी धूळ अडवते, सांगाडा झाकते, यंत्र उचलायला हाताला धर देते. आणि आणखी एक काम करते, ज्यासाठी मी एवढी शाई खर्च करतो आहे. ती असली की घरातली माणसे यंत्राला यंत्र म्हणून पाहतात, भंगार म्हणून पाहत नाहीत. चाचांच्या ज्या नातवाने 'ठेवून काय करायचे' म्हटले होते, त्याने फळ्या बसल्यावर आपणहून त्यावर हात फिरवला आणि विचारले, "हे वाजते का?" फळ्या बसेपर्यंत हा प्रश्न त्या घरात कोणाला सुचला नव्हता. आतले काम मग झाले. रबरी पट्टा डांबरासारखा विरघळला होता, तो बदलला, वायर जोडली, परभणीच्या एका वृद्ध कारागिराने दोन दिवस घालवले. पण त्या कारागिराकडे यंत्र नेण्याची बुद्धी फळ्यांनी दिली.

शाळेत यावरून कुरकुर झाली, तीही सांगायला हवी. आठवीची मुले पुठ्ठ्याचा साचा करत बसली, तर एका पालकाने विचारले, याचे मार्क कशात धरणार? प्रश्न रास्त आहे, कारण कार्यानुभवाचे मार्क हल्ली दुकानात मिळतात. थर्माकोलची विहीर, रंगवलेली पणती, तयार 'प्रोजेक्ट' पन्नास रुपयांना. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा सूत कातता कातता मूल गणित शिकेल असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी त्यालाही नावे ठेवली. मी एवढेच पाहिले: जी मुले भूमितीच्या तासाला काटकोन या शब्दाने जांभया देतात, ती सुतारदादांचा गुण्या हातात आल्यावर दोन भोकांमधले अंतर तीनदा मोजत होती, कारण चुकले तर सागवान वाया जाणार होते. पुठ्ठा चुकला तर दुसरे कॅलेंडर मिळते. तुळईला दुसरी तुळई नाही. हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. आणि दादांना मुले 'सर' म्हणाली. चाळीस वर्षे धंदा करणाऱ्या माणसाला कोणी 'सर' म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती, असे दादांनी मला परत जाताना दोनदा सांगितले.

आजीचे चाक वाजले. आवाजात थोडा थरकाप आहे, मधे एक खंड आहे, बाकी सारे जागेवर. तो आवाज आता चार घरांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि फीत डब्यात. कव्वालीचे एक चाक मात्र अडून बसले आहे. त्या काळच्या काही फितींचा डिंक हवेतली ओल पिऊन चिकट होतो. वाजवायला गेले की फीत किंचाळते आणि तिचा थर यंत्राच्या डोक्यावर उतरतो. जाणकार अशा फिती मंद आचेवर, पन्नासपंचावन्न अंशांवर, काही तास वाळवून घेतात आणि मग लगेच उतरवतात. हे काम घरच्या भट्टीत करण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. आम्ही ते चाक जाणत्या माणसाच्या हाती द्यायचे ठरवले आहे. चाचा रोज विचारतात, "कधी?" त्यांचे वय पाहता हा प्रश्न मला रोज थोडा अवघड जातो.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत माळ्यावरून टेपरेकॉर्डर खाली आला आणि त्याच्या बाजू कुजलेल्या दिसल्या, तर लगेच विजेला लावू नका आणि लगेच गाडीवरही चढवू नका. आधी जवळचे चाक, कॅसेट जे काही असेल ते उंच, कोरड्या, चुंबकापासून लांबच्या जागी ठेवा आणि त्यावर कोणाचा आवाज आहे ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून डब्यावर लिहा. मग पुठ्ठा घेऊन सांगाड्याचे माप काढा. सुताराकडे जाताना मात्र उशीर करू नका. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. मग पलंग, कपाटे आणि ड्रेसिंग टेबले यांच्या रांगेत आपल्या दोन फळ्यांना चैत्रापर्यंत नंबर लागत नाही. पाडवा-भाऊबीज झाली की चारदोन दिवस सुतार रिकामा असतो. तेव्हाच गाठा, आणि लाकूड आपले आपण घेऊन जा.